राणीचा जमाखर्च

आमच्या आजेसासूबाईंच्या पितळी डब्यात दोन राणीछाप रुपये होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते बाहेर निघत, त्यांना हळदकुंकू लागे आणि पुन्हा वर्षभर डब्यात जात. त्या रुपयावरची बाई कोण, हे मी कधी विचारले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. पण गेल्या वर्षी वाचनालयातून व्हिक्टोरिया राणीचे चरित्र आणले. काही भाग मुलीने इंग्रजी पुस्तकातून वाचून त्याचा अर्थ सांगितला. स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असे अध्यक्षीणबाईंनी म्हटल्यावर तिच्याविषयीच लिहायचे ठरविले. त्याला एक घरगुती कारणही आहे, ते शेवटी सांगते.

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ रोजी लंडनला झाला. ती आठ महिन्यांची असतानाच वडील वारले. मागे त्यांनी कर्ज ठेवले होते. पुढे राणी झाल्यावर तिने ते फेडून टाकले. राजघराण्यातील मुलगी असूनही तिला कर्जाची लाज वाटत होती, हे वाचून मला बरे वाटले.

२० जून १८३७ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, ती गादीवर आली. राजघराण्याच्या जमिनींचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जायचे व त्याच्या बदल्यात पार्लमेंटने राणीला वर्षाला ३,८५,००० पौंडांची नेमणूक द्यायची, असे ठरले. त्यातील ६०,००० पौंड तिचे खासगी. बाकीचे नोकरचाकर, पगार व वाड्याचा खर्च यासाठी. म्हणजे पैसा लोकांचा, आणि लोकांना हिशेब विचारण्याचा हक्कही तिथूनच आला.

१८४० साली तिचे लग्न आल्बर्टशी झाले. त्याच्यासाठी सरकारने वर्षाला ५०,००० पौंड मागितले, पार्लमेंटने ३०,००० वरच भागविले. हा नवरा मोठा हिशेबी निघाला. वाड्यातील कारभार पाहून तो थक्क झाला. दिवाणखान्यातील मेणबत्त्या पेटवल्या न पेटवल्या तरी रोज नव्या लावीत आणि जुन्या नोकर घेऊन जात. शेगडीत लाकडे रचायची एका खात्याने, पेटवायची दुसऱ्याने. खिडक्यांच्या काचा आतून एकाने पुसायच्या, बाहेरून दुसऱ्याने. त्यामुळे दोन्ही बाजू एकदम स्वच्छ कधी होतच नसत. आल्बर्टने हे सारे ताळ्यावर आणले. त्या बचतीमुळेच ऑस्बोर्नचे घर घेणे त्यांना जमले. १८४२ साली प्राप्तीवरचा कर बसला, तेव्हा राणीनेही आपण होऊन तो भरण्याचे कबूल केले. त्यांना नऊ मुले झाली.

१४ डिसेंबर १८६१ रोजी आल्बर्ट वारला. राणीचे वय तेव्हा अवघे ४२. त्या दिवशी तिने काळे कपडे अंगावर घातले ते मरेपर्यंत उतरविले नाहीत. नवऱ्याच्या खोलीत रोज त्याचे कपडे काढून ठेवायचे, गरम पाणी न्यायचे, असे तिने वर्षानुवर्षे चालू ठेवले. लंडन सोडून ती ऑस्बोर्नला नाहीतर दूर स्कॉटलंडात बालमोरलला राहू लागली.

भगिनींनो, येथे मला आपल्याकडची जुनी रीत आठवली. आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईला समाज कोपऱ्यात बसवीत असे. तिला बाहेर यायचे असले तरी येऊ देत नसे. तिकडे बाई आपण होऊन कोपऱ्यात बसली आणि समाज तिला बाहेर ये म्हणू लागला. दोन्हीकडे तिच्या दुःखाचे माप मात्र दुसरेच घेत होते.

लोक पहिली दोनतीन वर्षे गप्प राहिले. मग कुरकूर सुरू झाली. १८६४ साली लंडनच्या वाड्याच्या कठड्यावर कोणी थट्टेने, हे घर रिकामे आहे, भाड्याने देणे आहे, अशा अर्थाची पाटी लावल्याचे सांगतात. १८६६ साली तिने पार्लमेंटचे उद्घाटन केले, पण लगेच एका मुलीचा हुंडा व एका मुलाची नेमणूक मागण्यात आली. लोकांना ते बरोबर दिसले. १८७१ साली पुन्हा दुसऱ्या मुलीसाठी ३०,००० पौंड हुंडा आणि तिसऱ्या मुलासाठी वर्षाला १५,००० पौंड! शेजारी फ्रान्समध्ये नुकतेच राजेपण जाऊन प्रजासत्ताक आले होते. टोपणनावाने एक पुस्तिका निघाली. राणी एवढ्या पैशाचे करते तरी काय, हेच तिचे नाव. नेमणुकीतील मोठी रक्कम ती दरसाल बाजूला टाकते, असा त्यात आरोप होता. नोव्हेंबरमध्ये चार्ल्स डिल्क या सभासदाने न्यूकॅसल येथील भाषणात राजघराण्याच्या खर्चावर सरळ बोट ठेवले.

आता खरे काय? राणी काम करीत नव्हती असे नाही. सरकारी कागदांच्या पेट्या रोज तिच्याकडे जात आणि ती त्या वाचून उत्तरे लिही. पण ते काम बंद दाराआड. लोकांना दिसे ती फक्त रिकामी खुर्ची. त्याच वर्षी बालमोरलला तिच्या हाताला मोठे गळू झाले, ते कापावे लागले. इतके दिवस तिची दुखणी म्हणजे सबबी, असे मानणारेही तेव्हा ओशाळले.

डिसेंबरमध्ये तिचा थोरला मुलगा विषमज्वराने आजारी पडला. सर्वांनी आशा सोडली होती. आणि १४ डिसेंबरला, बापाच्या मृत्यूला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, त्याला उतार पडला. २७ फेब्रुवारी १८७२ रोजी आईलेक सेंट पॉलच्या देवळात देवाचे आभार मानायला गेली, तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते. पुढच्याच महिन्यात डिल्कने हिशेबाच्या चौकशीचा ठराव आणला, तो २७६ विरुद्ध २ मतांनी पडला. राग गेला, पण माझ्या मते प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले नाही. ते राहून गेले म्हणूनच १८८९ साली नातवंडांच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हा पार्लमेंटला समिती नेमावी लागली.

आपला संबंधही सांगितला पाहिजे. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरवून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्या वेळी आपल्या दख्खनेत भयंकर दुष्काळ होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या झगमगाटात हातसुताचे कपडे घालून गेले. तिकडच्या लोकांना पार्लमेंटात विचारता येत होते. आपल्या उपाशी शेतकऱ्याला त्या दरबाराचा खर्च विचारण्याची जागाच नव्हती. राणीच्या दुःखाविषयी मला माया वाटते, पण ही गोष्ट विसरता येत नाही.

२२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्न येथे ती वारली. ६३ वर्षांहून अधिक काळ तिने राज्य केले.

आता घरगुती कारण. मंडळाची खजिनदार मी. मागच्या वर्षी सासूबाई आठ महिने अंथरुणावर होत्या. मी सभेला येऊ शकले नाही. रात्री त्या झोपल्यावर वही लिहीत असे, पैन्‌पै बरोबर होती. पण ते कोणाला दिसत नव्हते. संक्रांतीच्या वाणाचे पैसे गेले कुठे, असे कोणीतरी विचारल्याचे माझ्या कानावर आले आणि मी दोन दिवस रडले. खजिनदारपद सोडायचेही ठरविले होते.

हे चरित्र वाचल्यावर राग निवळला. विचारणाऱ्या भगिनीचे चुकले नव्हते. पैसे तिचेही होते. माझेही काम खरे होते. चूक एवढीच की मी वही पेटीत ठेवली. दोन ओळींचा निरोप आणि वही शेजारणीबरोबर पाठविली असती, तर कोणाला विचारावे लागले नसते आणि मला रडावे लागले नसते.

म्हणून वर्धापनदिनाच्या सभेत मी जमाखर्च मोठ्याने वाचून दाखविणार आहे, आणि पुढे दर महिन्याला वही सतरंजीवर उघडी ठेवणार आहे. वाणाच्या पैशांची नोंद त्यात आहे. जिला जे विचारायचे ते तिने तोंडावर विचारावे. आणि एखादी बहीण सभेला दिसेनाशी झाली, तर हिशेबाआधी तिच्या घरी कोण आजारी आहे याची चौकशी करावी, एवढेच माझे मागणे.