वारा फुकट, साठवण महाग

पवनचक्की म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार येतं. तिथल्या चक्क्या ग्रीडला जोडलेल्या आहेत. वारा पडला तरी आपला दिवा चालू राहतो, कारण वीज दुसरीकडून येते. पण जिथे ग्रीड पोचलेलीच नाही, त्या गावाने वारा पडल्यावर काय करायचं? या एका प्रश्नामागे आयुष्याची सतरा वर्षं घालवणारा माणूस म्हणजे डेन्मार्कचा पॉल ला कूर. इलेक्ट्रिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो माहीत असायला हवा, असं मला वाटतं.

त्याचा जन्म १८४६ चा, जटलंडमधला. शिक्षणाने हवामानशास्त्रज्ञ, डोक्याने संशोधक. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवायची टेलिग्राफची पद्धत त्याने शोधली होती. राजधानीत नोकरीही चांगली होती. ती सोडून १८७८ मध्ये तो आस्कोव्ह नावाच्या खेड्यातल्या लोकशाळेत मास्तर झाला. या शाळांत शेतकऱ्यांची तरुण मुलं येत. तिथे परीक्षा नसे, पदवीही नसे! (हॉस्टेलवाल्यांनी उसासे सोडू नयेत.)

त्या काळात शहरांत विजेचे दिवे लागू लागले होते. खेडी मात्र अंधारात. कंपन्यांचा हिशोब सरळ होता : चार घरांसाठी मैलोन्‌मैल तारा ओढणं परवडत नाही. ला कूरला वाटे, वीज फक्त शहरातच राहिली तर गावातली तरणी पोरं गावात कशाला थांबतील? डेन्मार्कमध्ये कोळसा नाही, पण वारा भरपूर. १८९१ मध्ये सरकारी अनुदानावर त्याने शाळेच्या आवारात पवनचक्की उभारली आणि तिला डायनामो जोडला. वाऱ्याच्या झोतांमुळे डायनामोची गती सारखी कमीजास्त व्हायची. ती सांभाळायला त्याने वजनं आणि पुली वापरून क्रॅटोस्टॅट नावाचा नियंत्रक बनवला.

खरी अडचण होती साठवणुकीची. लेड बॅटऱ्या महाग होत्या. म्हणून त्याने विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि १८९५ पासून काही वर्षं शाळेचे दिवे त्यावर चालवले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा बदलाव्या लागायच्या. आज जगभर ज्या ग्रीन हायड्रोजनची चर्चा आहे, तो प्रयोग एका खेड्यात तेव्हाच झाला होता. पण ला कूर त्याला चिकटून बसला नाही. १९०२ च्या सुमारास तो बॅटरीकडे वळला आणि वारा नसेल तेव्हासाठी जोडीला तेलावरचं इंजिन ठेवलं. आजच्या भाषेत हायब्रिड मिनीग्रीडच!

मला त्याचं सर्वांत मोठं काम मात्र वेगळंच वाटतं. त्याने ओळखलं, की यंत्र विकत घेता येतं, पण बिघडल्यावर दुरुस्तीला शहरातून माणूस बोलवावा लागला तर गावाचा हिशोब कोलमडतो. १९०३ मध्ये त्याच्या पुढाकाराने पवन-वीज संस्था निघाली. गावांना सल्ला देणं हे तिचं काम. पुढच्याच वर्षी आस्कोव्हला खेड्यातल्या मुलांसाठी इलेक्ट्रिशियनचा कोर्स सुरू झाला.

१९०८ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी ला कूर गेला. काम थांबलं नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा-तेल मिळेनासं झालं तेव्हा त्याच्या चक्क्यांची किंमत कळली. १९१८ पर्यंत सुमारे १२० गावांच्या वीजकेंद्रांत २० ते ३५ किलोवॅटच्या पवनचक्क्या होत्या. पुढे इंधन स्वस्त झालं, एसी ग्रीड पसरली आणि बहुतेक चक्क्या बंद पडल्या. म्हणजे त्यांना हरवलं ते तंत्राने कमी आणि भावाने जास्त.

पण १९०४ च्या त्या कोर्सला योहानेस यूल नावाचा एक पोरगा बसला होता. त्यानेच १९५७ मध्ये गेडसरला २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. आधुनिक पवनचक्क्या तिच्याच वळणावर गेल्या.

दुर्गम पाड्यावर सोलर प्रोजेक्ट करायला निघालेल्या आपल्या मित्रांना माझं एवढंच सांगणं : एस्टिमेटमध्ये पॅनेलची किंमत लिहाच. पण पाच-सहा वर्षांनी बॅटरी बदलायचे पैसे कुठून येणार आणि पाड्यावरचं कोण पान्हा हातात धरणार, हे दोन रकाने रिकामे ठेवू नका.