राजा रविवर्मा आणि वस्त्रांची भाषा

थोर चित्रकार राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ साली त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे काढताना शिरपेच, जरीचा पोशाख व मोत्यांचे हार यांतून ते त्यांचे पद व वैभव प्रकट करीत. पुढे १८८८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना पुराणकथांवरील १४ चित्रे काढावयास सांगितली. तेव्हा बिकट प्रश्न उभा राहिला. प्रांतोप्रांती पोशाख निराळा. मग सर्वांना आपली वाटेल अशी सीता कोणत्या वेषात दाखवावी? उत्तर शोधण्यासाठी त्यांनी धाकट्या भावासह उत्तर भारतात दूरवर प्रवास केला आणि अखेर साडी निवडली. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला व साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. १९०६ साली रविवर्मा निवर्तले; पण देवीचे चित्र म्हणताच आजही तोच वेष डोळ्यांपुढे उभा राहतो.