मूकपटांना सूर पुरवणारा केटेल्बी

मूकपट मुके होते, पण मूकपटांची थिएटरे मात्र कधीच मुकी नव्हती. पडद्यावर नायक-नायिका नुसतेच ओठ हलवीत आणि पडद्याखाली बसलेले वादक त्यांच्या राग-लोभाला आवाज देत. आपल्याकडे ही कामगिरी पेटी-तबल्यावर निभावली जाई. लंडनच्या मोठ्या थिएटरात त्यासाठी अख्खा वाद्यवृंद असे, तर लहान थिएटरात एखादा पियानोवाला. चित्रपट सारखे बदलत. प्रत्येकासाठी नवे संगीत कोण रचणार आणि त्याचे पैसे कोण देणार?

यावर एक व्यवहारी तोडगा निघाला. वादळ, पाठलाग, विरह, दंगल अशा ठरावीक प्रसंगांसाठी आधीच रचलेल्या संगीताचे छापील कागद थिएटरने विकत घेऊन ठेवायचे आणि प्रसंग येईल तसा योग्य कागद वादकांपुढे मांडायचा. थिएटरच्या कपाटात अशा कागदांची चांगली लायब्ररीच जमे. आज मालिका, जाहिराती आणि माहितीपटांना तयार संगीत पुरवणाऱ्या ज्या लायब्रऱ्या आहेत, त्यांचे मूळ या कपाटात सापडते. त्या कपाटांसाठी लिहून ज्यांनी संसार चालवला, त्यांतले एक गाजलेले नाव म्हणजे आल्बर्ट केटेल्बी.

त्याचा जन्म ९ ऑगस्ट १८७५ चा, बर्मिंगहॅमलगतच्या ॲस्टनमधला. वडील दागिन्यांवर नक्षी कोरणारे कारागीर. मुलाचा हात मात्र पियानोवर बसला. तेराव्या वर्षी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती त्याने मिळवली. त्या परीक्षेत त्याच्या मागे पडलेला एक मुलगा होता गुस्टाव होल्स्ट, ज्याने पुढे ग्रहांवरच्या रचना लिहून जगभर कीर्ती मिळवली. दोघांपुढे प्रश्न एकच होता: संगीतावर पोट कसे भरायचे? होल्स्टने मुलींच्या शाळेत शिकवणे पत्करले आणि उरलेल्या वेळात मनासारखे लिहिले. केटेल्बीने दुसरी वाट धरली. लोकांना जे हवे ते लिहायचे आणि त्यावरच जगायचे.

ही वाट वाटते तितकी सोपी नव्हती. सोळाव्या वर्षी तो विम्बल्डनच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. पुढे नाटकमंडळ्यांबरोबर फिरला आणि लंडनच्या व्हॉडव्हिल थिएटरात वाद्यवृंद चालवू लागला. १९०६ साली त्याने लॉटी सीगनबर्ग या गायिका-अभिनेत्रीशी लग्न केले. घरखर्चासाठी प्रकाशकांकडची हमालीही केली. दुसऱ्यांच्या रचना पियानोसाठी उतरवून दे, वाद्यवृंदासाठी मांडून दे, असली ती कामे. एकाच नावाने किती लिहायचे, म्हणून टोपणनावे घेतली. अँटन व्होडोरिन्स्की हा भारदस्त रशियन संगीतकार म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून आपला हा बर्मिंगहॅमकरच! स्वतःच्या आडनावातही त्याने एका अक्षरावर स्वरचिन्ह चढवले, म्हणजे लोक नाव नीट उच्चारतील. पुढे कोलंबिया या ग्रामोफोन कंपनीत संगीत दिग्दर्शकाची नोकरी मिळाली आणि घडी बसली.

१९१५ साली त्याची मठातल्या बागेवरची एक छोटी रचना प्रसिद्ध झाली. पाखरांची किलबिल, भिक्षूंचे स्तोत्र, दुरून येणारी घंटा एवढाच तिचा ऐवज. महायुद्धाने होरपळलेल्या घरांतून ती वाजू लागली आणि तिच्या दहा लाखांवर छापील प्रती खपल्या. याच सुमारास मूकपटांसाठीही त्याचे लेखन सुरू झाले. नाजूक, चंचल प्रसंगांसाठी एक तुकडा, गूढ-भयाण दृश्यांसाठी दुसरा, दंगल, वादळ आणि लढाईसाठी तिसरा. शिंप्याने तयार कपडे शिवून दुकानात टांगावेत तशी ही रचना होती. कोणाच्या अंगावर जाणार हे ठाऊक नसताना ते बहुतेकांना बसले पाहिजेत, ही त्यातली खरी मेख. हे येरागबाळ्याचे काम नव्हे. सूर पहिल्या क्षणापासून भाव सांगणारा हवा, कुठेही तोडला तरी विचित्र वाटता कामा नये आणि बेताच्या वादकांनाही तो वाजवता आला पाहिजे.

१९२० साली आले त्याचे पर्शियन बाजाराचे संगीतचित्र. उंटांचा तांडा येतो, भिकारी बक्षीस मागतात, राजकन्येची पालखी जाते, गारुडी पुंगी वाजवतो, खलिफा निघून जातो आणि बाजार ओस पडतो. त्यातला ‘बक्षीस’ हा शब्द आपल्या कानाला किती घरचा! खरा इराण यात शोधू नये. हे दुकानातल्या रंगीत पोस्टकार्डासारखे पूर्वेचे चित्र आहे आणि आज ऐकताना आपल्याला थोडे हसूही येते. पण वाळवंटाचे दृश्य आले की वाजवायला याहून सोयीचे काय होते?

आता पैशाची गोष्ट. संगीतकाराने रचना प्रकाशकाला कायमची विकून टाकली, की त्याला एकदाच रक्कम मिळे. मग ती लाखो वेळा वाजो, त्याचा हात रिकामाच. १९१४ साली ब्रिटनमध्ये संगीतकार आणि प्रकाशकांनी मिळून एक संस्था काढली. रचना जाहीर वाजवणाऱ्या थिएटर, हॉटेल, बँडवाल्यांकडून ती शुल्क गोळा करी आणि ते हक्कदारांना वाटून देई. घर विकणे आणि घर भाड्याने देणे यांत जो फरक, तोच हा. केटेल्बी १९१८ साली या संस्थेचा सभासद झाला. एकेका वादनाचे पैसे चिल्लरच, पण चहाच्या हॉटेलापासून समुद्रकाठच्या बँडपर्यंत त्याचे सूर रोज वाजत. त्या चिल्लरीतून तो श्रीमंत झाला. नोकरी सोडून नुसत्या लेखनावर राहणे त्याला परवडू लागले. १९२९ साली तर संस्थेच्या मुखपत्रात, वादनांच्या संख्येच्या जोरावर, त्याला ब्रिटनचा सर्वश्रेष्ठ हयात संगीतकार म्हणून मिरवले गेले. समीक्षकांनी नाके मुरडली. एल्गरसारखा संगीतकार तेव्हा हयात होता!

पण ज्या पडद्याने दिले त्यानेच नेले. १९२७ साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये बोलपट आला. पडद्याखालचे वादक हजारोंनी बेकार झाले, लायब्ररीची कपाटे धूळ खात पडली. केटेल्बीला हॉटेले, बँड, रेडिओ आणि ग्रामोफोन यांनी तारले. ज्या वादकांनी त्याचे सूर घरोघर पोचवले, त्यांना मात्र कोणी तारले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर रुची पालटली. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात पाण्याचा मोठा नळ फुटून त्याचे लंडनमधले घर जलमय झाले. हस्तलिखिते आणि पत्रव्यवहार वाहून गेला. त्याच वर्षी लॉटीही गेली. १९४९ साली बीबीसीने सुगम वाद्यसंगीताचा महोत्सव भरवला, त्यात त्याची एकही रचना नव्हती. हा अपमान त्याला फार लागला. पुढे दुसरे लग्न करून तो वाइट बेटावरच्या काउझ गावी राहिला. तिथेच २६ नोव्हेंबर १९५९ रोजी त्याने डोळे मिटले. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती.

त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २००९ साली, लंडनच्या विख्यात प्रॉम्स महोत्सवाच्या अखेरच्या रात्री ती मठातली बाग पुन्हा वाजली. जिवंतपणी मोठ्या सभागृहांनी त्याला क्वचितच मान दिला. त्याने हिशेब ठेवला तो वादनांचा, आणि त्या हिशेबाने घर चालवले. आजही कुठल्या तरी लायब्ररीसाठी कोणी तरी पावसाच्या दृश्याचा तुकडा रचत असेल. आपण तो ऐकू, पण रचणाऱ्याचे नाव विचारणार नाही. त्याला वादनामागे चार पैसे मिळत असतील, तर त्या हक्काचे मोल काय, हे केटेल्बीच्या आयुष्याने दाखवून दिले आहे.