बादशहाच्या बाणापुढचे मस्तक

इ. स. 1616 च्या सुमारास जहांगीर बादशहाच्या पदरच्या अबुल हसन या चित्रकाराने एक विलक्षण चित्र रंगवले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. शेजारी न्यायाचा तराजू. समोर भाल्यावर खोचलेले एक कृष्णवर्णी मस्तक, त्यावर घुबड, आणि बादशहाचा बाण नेमका त्या मस्तकावर. ते मस्तक निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याचे. प्रत्यक्षात अंबर तेव्हा दख्खनेत जिवंत होता आणि पुढे दहा वर्षे जगला.

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास हबसाणात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात फिरत बगदादमार्गे अहमदनगरला पोहोचला. तेथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा राज्य संपले असेच सर्वांना वाटले. अंबरने निजामशाही घराण्यातील मुर्तजाला गादीवर बसवून ते पुन्हा उभे केले. खडकी वसवली, ते आजचे छत्रपती संभाजीनगर. जमिनीची मोजणी करून प्रतीप्रमाणे धारा ठरवला. ही धारापद्धती त्याच्या लढायांहूनही मोठी कामगिरी होय, असे आम्हांस वाटते.

त्याचा सामना होता बुऱ्हाणपूरशी. तापीकाठचे हे शहर मोगलांचे दख्खनेतील मुख्य ठाणे. खानखानान, शहजादा परवेझ, मग खुर्रम असे एकामागून एक सेनानी तेथे आले. अंबर मराठा स्वारांना घेऊन गनिमी काव्याने लढे, रसद तोडी. 1616 मध्ये त्याचा पराभव झाला आणि खडकी उद्ध्वस्त झाली. 1617 मध्ये त्याने अहमदनगर परत दिले, आणि त्या यशाबद्दल खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. तीनच वर्षांनी अंबरच्या फौजांनी मोगलांना बुऱ्हाणपुरातच कोंडले. त्याहून गंमत 1624 ची: बापाविरुद्ध बंड केलेल्या शाहजहानने बुऱ्हाणपूरला वेढा घातला, तो या अंबरच्याच मदतीने.

चित्राकडे पुन्हा पाहावे. व्यंगचित्र हा शब्द आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीचे ते व्यंगचित्रच. त्यातील उपहासाचा रोख शत्रूच्या करणीवर नाही, कातडीवर आहे. घुबड म्हणजे रात्र, ओसाडी, अपशकुन. आणि त्यावरील फारसी ओळीही अंबरच्या वर्णाची सांगड रात्रीशी घालतात. जहांगीर आपल्या आत्मचरित्रातही त्याचा उल्लेख शिवीवाचून क्वचितच करतो. गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस आपली फौज वर्षानुवर्षे रोखतो, हे शल्य साध्या युद्धचित्रात मावणारे नव्हते. म्हणून बैल, मासा, तराजू अशी सारी सृष्टीच साक्षीला उभी करावी लागली.

1626 मध्ये अंबर वयाच्या ऐंशीच्या आसपास वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूची नोंद करताना जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखानाने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली. अबुल हसनचे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.