धवलेचे संपादक डॉ. हिरालाल जैन

प्राच्यविद्येच्या क्षेत्रात अमरावतीचे नाव ज्यांच्यामुळे सर्वदूर पोहोचले, ते डॉ. हिरालाल जैन जन्माने वऱ्हाडचे नव्हते. नरसिंहपूर जिल्ह्यातील गांगई या खेड्यात १८९९ साली त्यांचा जन्म झाला. अलाहाबादेस संस्कृत विषयात एम.ए. केल्यानंतर १९२५ साली ते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात, म्हणजेच पुढील विदर्भ महाविद्यालयात, संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यानंतरची सुमारे दोन दशके त्यांनी या नगरीला दिली.

त्यांचे पहिले मोठे कार्य कारंजाशी निगडित आहे. त्या काळी अकोला जिल्ह्यात असलेल्या या गावी बलात्कारगण आणि सेनगण मंदिरांचे शास्त्रभांडार शतकानुशतके जतन झालेले होते. त्यातील अपभ्रंश हस्तलिखिते हिरालालजींनी अभ्यासिली आणि पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ व कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ संपादून १९३३-३४ च्या सुमारास प्रसिद्ध केली. जी भाषा तोवर मोजक्याच विद्वानांना ठाऊक होती, तिचे काव्यवैभव त्यामुळे अभ्यासकांपुढे आले.

परंतु त्यांच्या आयुष्याला खरी कसोटी लागली ती षट्खंडागमामुळे. आचार्य वीरसेनांची नवव्या शतकातील बहात्तर हजार श्लोकप्रमाण ‘धवला’ टीका मूडबिद्रीच्या सिद्धांत मंदिरात ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होती. ती दर्शनाची वस्तू होती, वाचनाची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या कागदी प्रती बाहेर आल्या. त्यांपैकी अमरावती, आरा व कारंजा येथील प्रती समोर ठेवून हिरालालजींनी संपादनास प्रारंभ केला. विदिशेचे श्रीमंत सेठ लक्ष्मीचंद्रजी यांच्या दानातून अमरावतीस साहित्योद्धारक फंड उभा राहिला, आणि १९३९ साली पहिला भाग प्रकाशित झाला. पं. फूलचंद्र, पं. हिरालाल व पं. बालचंद्र हे सिद्धांतशास्त्री तसेच डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे मोलाचे साहाय्य त्यांना लाभले.

तिसऱ्या भागात, ‘द्रव्यप्रमाणानुगमा’त, संस्कृतच्या या प्राध्यापकापुढे गणिताचा डोंगर उभा राहिला. जीवांची संख्या मोजताना वीरसेनांनी मोठमोठ्या राशी योजिल्या आहेत. एखादी संख्या किती वेळा निम्मी होते, त्यास ‘अर्धच्छेद’ म्हणतात. सोळाचे अर्धच्छेद चार. आजच्या गणितातील दोन आधाराचा लॉगरिथम तो हाच. दोनाचे पहिले वर्गितसंवर्गित चार, दुसरे दोनशे छपन्न आणि तिसरे दोनशे छपन्नाचा दोनशे छपन्नावा घात, म्हणजे सहाशे सतरा अंकांची संख्या! केवळ व्याकरणाच्या बळावर हे उलगडणारे नव्हते. तेव्हा हिरालालजींनी निःसंकोचपणे आपल्याच महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकांचे साहाय्य घेतले. १९४२ च्या चौथ्या भागात लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील लेख छापला गेला, आणि जैन गणिताकडे इतिहासकारांचे लक्ष वेधले गेले.

संशोधनाची किंमतही त्यांना मोजावी लागली. पहिल्या भागातील त्र्याण्णवाव्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द गळला असावा, अशी तळटीप त्यांनी व सहकाऱ्यांनी दिली होती. मनुष्यिणींच्या गुणस्थानांशी हा शब्द संबंधित असल्याने समाजात तीव्र वाद माजला. १९४४ साली दिगंबर व श्वेतांबर शासनांत मौलिक भेद आहे काय, असा प्रश्न त्यांनी लेखाद्वारे उपस्थित केल्यावर तर विरोधाचे ग्रंथच निघाले. त्यांचे सर्वच निष्कर्ष दिगंबर विद्वानांना मान्य झाले नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. मात्र तळटिपेपुरते पाहता, मूडबिद्रीची ताडपत्रे पडताळली असता तो शब्द तेथे आढळला.

वाद सुरूच होते, आणि एकेक भाग निघतही होता. त्याच सुमारास नागपूर विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली व त्यांचे कार्यक्षेत्र नागपूरला गेले. पुढे १९५५ पासून बिहारमधील प्राकृत संस्थेचे संचालकपद आणि नंतर जबलपूर विद्यापीठ अशी त्यांची वाटचाल झाली. दरम्यान १९५८-५९ च्या सुमारास धवलेचा सोळावा, अखेरचा भाग निघाला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ साली महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रंथमालेचे प्रधान संपादक म्हणून डॉ. उपाध्ये यांच्यासमवेत त्यांचेच नाव होते.

१९७३ साली त्यांचे निधन झाले. ज्या कारंजाच्या भांडारातून त्यांच्या कार्याचा आरंभ झाला, ते गाव १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात आहे.