श्वास मोजणारे वैद्य : डॉ. जॉन हचिन्सन (१८११-१८६१)

दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला आजकाल एका नळीत जोराने फुंकर मारावयास सांगतात. नाक चिमट्याने बंद केलेले असते, छाती भरून श्वास घ्यायचा आणि शेवटच्या थेंबापर्यंत तो सोडायचा. या तपासणीचे मूळ ज्यांच्याकडे जाते ते डॉ. जॉन हचिन्सन वैद्यकाबाहेर फारसे कोणाला परिचित नाहीत.

त्यांचा जन्म १८११ साली इंग्लंडच्या उत्तरेस, न्यूकॅसलजवळील रायटन या गावी झाला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन येथे घेतले. ते उत्तम व्हायोलिन वाजवीत आणि चित्रकलेतही त्यांना गती होती. पुढे ब्रॉम्प्टन येथील क्षयरोग्यांच्या रुग्णालयात ते सहायक वैद्य झाले. एका आयुर्विमा कंपनीसाठीही ते काम करीत. विम्याच्या कचेरीत प्रश्न रोखठोक असे : समोर उभा असलेला हा धडधाकट दिसणारा मनुष्य किती वर्षे जगेल?

त्या काळी क्षय हा युरोपचा काळ होता. फ्रान्सचे श्रद्धावंत कॅथलिक वैद्य रने लेनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोप शोधला होता (ते स्वतः १८२६ साली क्षयानेच निवर्तले). परंतु छातीत आवाज ऐकू येऊ लागेपर्यंत रोगाने बरीच मजल मारलेली असे. हचिन्सन यांना त्याआधीची खूण हवी होती.

त्यांनी पाण्यात उपडी घातलेली, वजनांनी तोललेली धातूची एक टोपी तयार केली. माणसाने नळीतून श्वास सोडला की टोपी वर उचलली जाई आणि बाजूच्या पट्टीवर हवेचे माप वाचता येई. हे यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. पूर्ण भरलेल्या छातीतून जेवढी हवा बाहेर टाकता येते त्या मापाला त्यांनी व्हायटल कपॅसिटी, म्हणजे प्राणक्षमता, असे नाव दिले. खलाशी, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, सैनिक, पहिलवान, दरिद्री, सभ्य गृहस्थ, इतकेच काय राक्षसी उंचीचे आणि बुटके लोकही त्यांनी यंत्रासमोर उभे केले. दोन हजारांहून अधिक माणसे! १८४६ साली त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. उंची एक इंच वाढली की क्षमता सुमारे आठ घनइंच वाढते आणि वयाबरोबर ती हळूहळू घटते, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. उंची व वय लक्षात घेऊनही माप कमी आले, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

या संदर्भात चार्ल्स फ्रीमन या अमेरिकन मुष्टियोद्ध्याची हकिगत चटका लावते. सात फुटांच्या आसपास उंचीचा हा धिप्पाड गडी १८४२ साली इंग्लंडात आला तेव्हा त्याची क्षमता सुमारे सात लिटर भरली. पुढच्या तपासणीत ती पुष्कळच घसरली. १८४५ साली तो क्षयाने मरण पावला. यंत्राने धोका आधी सांगितला, पण त्या काळी त्यावर औषध नव्हते.

त्यांच्या मापात एक उणीव राहिली. किती हवा निघते हे कळे, किती वेगाने निघते हे कळत नसे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजण्याची पद्धत फ्रान्समध्ये १९४७ साली पुढे आली. त्याच मापाच्या आधारे लंडनमधील कामगारांची अनेक वर्षे पाहणी करून चार्ल्स फ्लेचर व रिचर्ड पेटो यांनी १९७७ साली दाखविले की, धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींची फुप्फुसे, दम लागण्याच्या कितीतरी आधीपासून, मुकाट्याने झिजत असतात. केवळ खोकला व कफ यांवरून पुढचे भवितव्य कळत नाही. घसरता आकडा ते सांगतो. आणि सिगारेट सोडली तर गेलेले परत येत नाही, पण झिजण्याचा वेग निरोगी माणसाइतका मंदावतो. वाचकहो, चाळिशीनंतर चुलीच्या वा विडीच्या धुरात आयुष्य गेलेल्यांनी ही फुंकर एकदा मारून पाहावी. तपासणीस काही मिनिटेच लागतात.

हचिन्सन यांचे पुढचे आयुष्य मात्र कोड्यासारखे आहे. कीर्ती ऐन भरात असताना, १८५२ साली, पत्नी व मुलांना मागे ठेवून ते सोन्याच्या शोधात लोटलेल्या गर्दीच्या मागोमाग ऑस्ट्रेलियास गेले. हा निर्णय मला कधीच नीट उमगलेला नाही. तेथून १८६१ साली ते फिजी बेटांवर पोहोचले आणि त्याच वर्षी, वयाच्या पन्नाशीत, तेथेच वारले. कोणी आमांशाने म्हणतात, कोणी खून झाला म्हणतात.