बर्ट मन्रो व त्यांचें इंजिन

मोटारीचें इंजिन मोडलें म्हणजे मालकापुढें एकच प्रश्न उभा राहतो. मोडलेलें दुरुस्त करावें, कीं काढून टाकून दुसरें बसवावें? साध्या प्रवासी गाडीच्या बाबतींत हा हिशेब फारसा अवघड नसतो. मिस्त्री इंजिन उघडतो, नळकांडीं झिजलीं असल्यास तीं कापून किंचित् मोठीं करतो, त्यांत मापाचे नवे दट्ट्ये घालतो. परंतु बाहेरचें ओतीव कवचच तडकलें असेल, तर खर्च दुसऱ्या इंजिनाच्या किंमतीपर्यंत जाऊं लागतो, आणि शहाणा मालक दुसरें इंजिन शोधूं लागतो. शर्यतीच्या यंत्राची गोष्ट निराळी. कारखान्यानें जितक्या शक्तीसाठीं तें घडविलें, तिच्याहून पुष्कळच अधिक काम त्याच्याकडून घेतलें जातें, म्हणून तें वरचेवर मोडतें. आणि त्यांत मालकानें स्वतः इतके फेरफार केलेले असतात कीं, तसें दुसरें इंजिन बाजारांत मिळतच नाहीं. या प्रश्नाचें ज्यांनीं जवळजवळ पन्नास वर्षें एकच उत्तर दिलें, त्या न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों. त्यांचें वाहन मोटारगाडी नसून मोटर-सायकल होतें. प्रश्न मात्र तोच.

मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजीं न्यूझीलंडच्या अगदीं दक्षिणेकडील इन्व्हरकार्गिल येथें झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतांच वारली, आणि हें मूलही फार दिवस जगणार नाहीं असें डॉक्टरांनीं सांगून ठेवलें होतें. वडील शेतकरी. शेतावरील सर्वांत वेगवान घोडा घेऊन हा मुलगा रानांतून भरधाव सुटे, आणि वडील रागावत. रागावण्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं, हें पुढील हकीकतीवरून दिसेलच.

इ. स. १९२० मध्यें त्यांनीं ‘इंडियन स्काउट’ नांवाची नवी मोटर-सायकल विकत घेतली. नांवावरून कोणीं फसूं नये. ही गाडी आपल्या देशांतील नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत स्प्रिंगफील्ड येथें तिचा कारखाना होता, आणि त्या खंडाच्या मूळ रहिवाशांस तिकडे जें नांव रूढ होतें तेंच तिला दिलें होतें. तिला दोन नळकांड्यांचें, ६०० घनसेंटिमीटर मापाचें इंजिन होतें, व तिचा वेग फार तर ताशीं ५५ मैल. कवचावर कारखान्याचा क्रमांक होता ५० आर ६२७. हा क्रमांक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

सहा वर्षांनीं, १९२६ सालीं, मन्रो यांनीं या इंजिनास प्रथम हात घातला. जवळ पैसा नव्हता. दिवसा ते मोटर-सायकलींच्या दुकानांत विक्रेत्याचें काम करीत, आणि रात्रीं आपल्या कामाला बसत. कधीं कधीं तशीच सकाळ होई. दट्ट्ये त्यांनीं घरींच ओतले. त्यासाठीं जुन्या डब्यांचे सांचे करण्यासही त्यांस कमीपणा वाटला नाहीं. शहरांत जमिनीखालीं घातलेले गॅसचे जुने बिडाचे नळ निघाले, तेव्हां ते आणून त्यांतून नळकांडीं कोरलीं. वर्षानुवर्षें जमिनींत मुरलेलें बीड नव्या ओतीवापेक्षां बरें, असा त्यांचा अनुभव होता. दट्ट्यास जोडणारे दांडे तर त्यांनीं ट्रॅक्टरच्या पोलादी आंसांतून हातानें घडविले, व त्या एका कामास कित्येक महिने लागले. सूक्ष्म माप घेण्याचें साधन सुद्धां चाकाच्या जुन्या आऱ्यापासून केलेलें होतें. पुढें झडपा बाजूच्या काढून डोक्यावर नेल्या, आणि इंजिनाचें माप वाढत वाढत ९५० घनसेंटिमीटरपर्यंत गेलें.

अर्थात् हें सारें पुनःपुन्हां फुटे. दट्ट्यास भोंक पडे, दांडा तुटे, झडप वितळे. मन्रो तुटलेला भाग हातांत घेऊन पाहत, तो कोठून तुटला व कां तुटला याचा शोध लावीत, आणि नवा भाग त्या जागीं थोडा जाड किंवा थोडा निराळा करीत. तुटलेले तुकडे ते टाकीत नसत. आपल्या कामाच्या खोलींत एका फळीवर त्यांनीं ते मांडून ठेवले होते, व हे सर्व वेगाच्या देवास वाहिलेले नैवेद्य आहेत अशा अर्थाची पाटी तेथें लाविली होती. थट्टा खरीच, पण आमच्या मतें त्यांच्या निश्चयाचें कारणही त्याच फळीवर होतें. तीस वर्षें एकाच यंत्राच्या मोडतोडीकडून जें शिकावें, तें दुसरें इंजिन घेतल्याबरोबर निरुपयोगी होतें. इंग्लंडांतील कारखाने त्या काळीं याहून फार वेगवान गाड्या विकीत होते, आणि १९५३ मध्यें स्प्रिंगफील्डचा कारखानाही बंद पडला. तरी मन्रो यांनीं आपलें इंजिन सोडलें नाहीं.

याची किंमत किती, हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर पालक आम्हांस बोल लावतील. मन्रो यांस चार अपत्यें होतीं, व त्यांचा विवाह पुढें मोडला. त्याचा दोष इंजिनावर घालण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तथापि जो मनुष्य नोकरी सुटतांच पहांटेपर्यंत कानस चालवितो, त्याच्यापैकीं घरच्या माणसांच्या वांट्यास फारसें कांहीं येत नसावें. नंतर नोकरी सोडून ते गाडी ठेवण्याच्या एका खोलींतच राहूं लागले. यंत्र व मालक एकाच छपराखालीं निजत. ज्याच्या गाडीवर कुटुंबाचें पोट चालतें अशा मालकानें हा कित्ता गिरविला, तर महिन्याभरांत त्याचें दुकान बंद होईल.

१९६२ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, मन्रो आपली गाडी जहाजानें अमेरिकेंत घेऊन गेले. युटा प्रांतांत बॉनव्हिल येथें मिठाचें सपाट व अफाट मैदान आहे. तेथें वेगाचे विक्रम मोजतात. माशासारख्या लांबट कवचांत पालथें निजून त्यांनीं ताशीं १७८·९७ मैल वेग गांठला. जी गाडी कारखान्यांतून ५५ मैलांची म्हणून निघाली होती, तीच ही. हृदयविकार जडला असतांही ते त्या मैदानावर वारंवार गेले. १९६७ सालच्या एका धांवेंत गाडी भयंकर डोलूं लागली. वेग कमी व्हावा म्हणून ते उठून बसले, तों वाऱ्यानें चष्मा उडविला व कांहीं दिसेना. वाटेंतील लोखंडी खुंटा थोडक्यांत चुकला, आणि शेवटीं त्यांनीं गाडी मिठावर आडवी केली. अंगावर थोडे ओरखडे आले, इतकेंच.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, नळकांडीं, दट्ट्ये, दांडे, चक्रें, झडपा हीं सर्व जर बदललीं, तर इंजिन जुनेंच राहिलें काय? त्यांनीं दुरुस्ती केली, कीं हळूहळू दुसरें इंजिन बसविलें? कवचावरील ५० आर ६२७ हा क्रमांक मात्र शेवटपर्यंत तोच होता.

६ जानेवारी १९७८ रोजीं इन्व्हरकार्गिल येथें मन्रो यांचा अंत झाला. गाडी त्यांनीं आधींच गांवांतील एका व्यापाऱ्यास दिली होती; ती तेथील लोखंडी सामानाच्या दुकानांत लोकांस पाहण्यास ठेविली आहे. २००५ सालीं त्यांच्यावर एक चित्रपटही निघाला.

गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं एक गोष्ट राहिली. बॉनव्हिलला वाऱ्याचा फायदा-तोटा फिटावा म्हणून दोन उलट दिशांनीं धांव घेऊन वेगाची सरासरी काढतात. १९६७ सालीं मन्रो यांचा वेग उत्तरेकडे १८४·७१० व दक्षिणेकडे १८३·४६३ मैल भरला, आणि पंचांनीं सरासरी लिहिली १८३·५८६. सत्तेचाळीस वर्षें ती कोणींही तपासली नाहीं. त्यांच्या मुलानें ती चूक दाखविल्यावर २०१४ सालीं विक्रम १८४·०८७ असा दुरुस्त करण्यांत आला.